प्लास्टरआड जाणारे काम आधी दाखवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घर या विषयावर वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. मात्र त्यातला बहुतेक मजकूर रंग, पडदे, दिवे आणि फर्निचर यांच्याभोवती फिरतो. स्वतःचे घर बांधणाऱ्याची खरी दमछाक जिथे होते, त्या जागा या मजकुरात क्वचितच येतात. भिंतीत गाडलेला पाइप, स्लॅबमधली सळई, फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर, छतातून गेलेली वायरची नळी या गोष्टी एकदा झाकल्या गेल्या की पुढची कित्येक वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत, आणि त्या घरात राहणे सुखाचे होणार की तापाचे, हे बहुतांशी त्यांच्यावरच ठरते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जे काम झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी घरमालकाला दाखवले गेले पाहिजे, त्याचे मोजमाप आणि चाचणी झाली पाहिजे, आणि हा क्रम ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच लिहिलेला असला पाहिजे.

यातली पहिली अडचण बांधकाम सुरू होण्यापूर्वीच उभी राहते. ‘आधी घर उभे तर राहू दे, आतले मग बघू’ हे वाक्य बहुतेक घरांत बोलले जाते आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण त्या वेळी डोक्यावर पैशांची, परवानग्यांची आणि नकाशांची चिंता असते. परंतु आतले निर्णय पुढे ढकलले की बांधकाम त्यांची वाट पाहत थांबत नाही. ते अंदाजाने पुढे जाते आणि तो अंदाज काँक्रीटमध्ये कायमचा बसतो.

जिन्याचे उदाहरण घ्या. सेंट्रिंगवाला, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा बांधणारा कारागीर, जिन्याच्या पायऱ्या समान उंचीच्या पाडतो. समजा, प्रत्येक पायरीचा चढ 160 मिलिमीटर आहे. त्या वेळी फरशी कोणती बसणार, तिच्याखाली कोबा, म्हणजे सिमेंटचा सपाटीचा थर, किती जाडीचा होणार आणि पायऱ्यांवर कोणता दगड येणार, हे कोणीच ठरवलेले नसते. पुढे खोल्यांमध्ये कोबा आणि फरशी मिळून 60 मिलिमीटर चढतात, तर पायऱ्यांवर दगड आणि मसाला मिळून 35 मिलिमीटर. परिणामी सर्वांत खालच्या पायरीचा चढ 135 मिलिमीटर उरतो, वरच्या मजल्यावर नेणाऱ्या शेवटच्या पायरीचा 185 होतो आणि मधल्या सगळ्या पायऱ्या 160 च्याच राहतात. दोन टोकांमधला हा 50 मिलिमीटरचा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण पायांना जाणवतो, कारण दोन-तीन पायऱ्या चढल्यावर माणूस खाली न पाहता त्याच लयीत पाऊल टाकत असतो. वृद्ध माणूस किंवा हातात सामान घेतलेली व्यक्ती नेमकी अशाच पायरीवर अडखळते. दोन चढ आणि एका पायरीची पाऊल ठेवण्याच्या दिशेची रुंदी यांची बेरीज साधारण 60 ते 64 सेंटिमीटर असावी, हा नियम माणसाच्या पावलावरून बांधलेला आहे आणि 17व्या शतकात फ्रान्समधील ब्लोंदेल या वास्तुविशारदाने त्याची मांडणी केल्याला आता तीनशेहून अधिक वर्षे झाली. तरीही फरशीची जाडी आधी न ठरवल्यामुळे हा नियम आजही घरोघरी मोडतो. फरशीचा नमुना आणि रंग नंतर निवडता येतो. तिची जाडी मात्र पाया घालण्यापूर्वीच नकाशावर लिहिलेली हवी.

तीच गोष्ट दारांच्या चौकटींची, स्वयंपाकघरातील ओट्याच्या उंचीची आणि विजेच्या पॉइंटांची. पलंग कुठे येणार, कपाटाचे दार कोणत्या बाजूला उघडणार, काम करायला टेबल कुठे लागणार, हे ठरल्याशिवाय वायरमनने पॉइंट काढले तर निम्मी बटणे कपाटामागे जातात. छतातील दिव्यांच्या नळ्या तर स्लॅब ओतण्यापूर्वीच सळयांमध्ये बांधाव्या लागतात. तेव्हा जमल्यास दोन-चार रिकाम्या नळ्या आत ओढतार (पुढे वायर ओढून घेण्यासाठीची तार) घालून सोडून द्याव्यात, पुढे त्यांचा उपयोग झाल्याशिवाय राहत नाही. पाणी तापवण्याच्या यंत्राला आणि वातानुकूलकाला स्वतंत्र, जाड वायर हवी, अर्थिंग प्रत्येक पॉइंटपर्यंत पोहोचलेले हवे, आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण मुख्य पेटीत असलेच पाहिजे. या शेवटच्या गोष्टीत काटकसर करणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. ते उपकरण माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते.

काँक्रीटविषयी थोडक्यात लिहिते. सिमेंटच्या वजनाच्या निम्मे पाणी, हे प्रमाण धरले तर 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी पुरते आणि वाळूत असलेला ओलावाही त्यातच मोजायचा असतो. मिश्रण सहज पसरावे म्हणून त्यात जादा पाणी ओतले जाते. ते पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. व्हायब्रेटर, म्हणजे ओले काँक्रीट कंपनाने घट्ट बसवणारे यंत्र, नीट चालवून जे काम करायचे, ते पाणी वाढवून केले की स्लॅब दुबळा होतो. सळई आणि फळी यांच्यामध्ये अंतर राखणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, असतात का, आणि ओतकाम चालू असताना मजुरांच्या पायांखाली सळया खाली दबतात का, हे त्याच दिवशी तिथे उभे राहून पाहावे लागते. उघडी पडलेली किंवा पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने छताचे पोपडे सुटतात. काँक्रीटची ठरलेली ताकद 28 दिवसांनी मोजली जाते. निदान पहिले सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर दहा किंवा त्याहून अधिक दिवस, ते सतत ओले ठेवावे लागते. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून मधल्या वेळात कोरडे पडू देणे म्हणजे क्युरिंग नव्हे.

आता स्नानगृहाविषयी, कारण घरातली सर्वाधिक तक्रार तिथूनच सुरू होते. सहसा गळती फरशीच्या मधून होत नाही. ती होते पाइप स्लॅबमधून जिथे आरपार जातो त्या कडेला, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या) भोवती आणि भिंत जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात. वॉटरप्रूफिंगचा थर म्हणूनच भिंतीवर वर चढवावा लागतो आणि शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा लागतो. थर वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून आत काही सेंटिमीटर पाणी साठवावे, पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारावी आणि किमान 24 तासांनी रेघ व खालच्या मजल्याचे छत ही दोन्ही पाहावीत. ही चाचणी बहुतेक ठिकाणी होतेही. घोटाळा त्यानंतर होतो. फरशीवाला येतो, ट्रॅपची उंची त्याच्या उतारात बसत नाही, प्लंबरला बोलावले जाते, तो छिन्नीने ट्रॅपभोवतीचा भाग फोडून उंची जुळवतो आणि मूठभर मसाल्याने तो खड्डा बुजवतो. चाचणी झालेला थर त्या क्षणी तुटलेला असतो, पण चाचणी ‘झाली’ अशी नोंद आधीच झालेली असल्यामुळे पुन्हा पाणी साठवण्याची आठवण कोणाला होत नाही. थराला छिन्नी लागली की चाचणी रद्द समजून ती पुन्हा घ्यायची, हे वाक्य करारात शब्दशः असावे असे मला वाटते.

भिंतीतल्या पाण्याच्या पाइपांनाही हाच न्याय लागू आहे. फरशी किंवा प्लास्टर चढण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा आणि मापकाचा काटा काही तास जागचा हलत नाही, हे पाहावे. दाबाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. पाण्याचा 10 मीटर उंचीचा स्तंभ साधारण 1 बार दाब देतो. म्हणजे गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा अडीच मीटर उंच असेल तर शॉवरला फार तर पाव बार दाब मिळणार. मोठ्या तबकडीचा, पावसासारखी धार देणारा शॉवर हौसेने आणला जातो, त्यातून पाणी थेंबाथेंबाने पडते आणि दोष प्लंबरला दिला जातो. वरच्या मजल्यावर हा त्रास हमखास होतो. टाकीचा चौथरा उंच करायचा की पंप लावायचा, हा निर्णय गच्चीचे काम चालू असतानाच घ्यावा लागतो, नंतर तो महागात पडतो.

वाळण्याच्या वेळेबद्दल घरमालकांनीच संयम ठेवायला हवा, हे मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते. सिमेंटचा कोबा चांगल्या हवेत दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर या गतीने वाळतो. 50 मिलिमीटरचा कोबा वाळायला दीड-दोन महिने लागू शकतात आणि पावसाळी हवेत त्याहून अधिक. राहायला जाण्याची तारीख ठरलेली असते, त्यामुळे ओल्या भिंतींवर रंग चढतो आणि ओलसर खोल्यांत सुतार कपाटे बसवतो. मग भिंतीला लोणा (ओलीमुळे वर येणारा पांढरा क्षार) लागतो, रंगाचे पोपडे निघतात, कपाटांची दारे फुगून अडकतात, आणि रंगारी व सुतार एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघांनीही आपले काम नीट केलेले असते. त्यांना बोलावण्याची वेळ चुकलेली असते. घाई करणाऱ्या घरमालकाला हे ऐकवणारा माणूस कामावर असावा लागतो, आणि ठेकेदाराने तसे ऐकवले तर ते टाळाटाळ म्हणून घेऊ नये.

पैशांविषयी मला एवढेच सुचवायचे आहे की, हप्ते तारखांना न बांधता कामाच्या टप्प्यांना आणि त्या टप्प्यावरच्या चाचणीला बांधावेत, आणि शेवटचा काही भाग राहायला गेल्यानंतर ठरावीक काळाने द्यावा. मालासह ठेका असो वा केवळ मजुरीचा, परांची, पाणी, राडारोडा उचलणे, आणि प्लंबर-वायरमनने पाडलेल्या झिऱ्या पुन्हा बुजवणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी कोणाच्या खात्यात जातात, हे लिहिलेले नसले की त्यांच्यावरूनच संबंध बिघडतात. बदल सांगायचा तो घरातल्या एकाच व्यक्तीने आणि लेखी सांगावा. सकाळी एकाने खिडकी सरकवायला सांगायची आणि दुपारी दुसऱ्याने ती होती तिथेच ठेवायला सांगायची, याचा भुर्दंड शेवटी गवंड्याच्या माथी येतो. गवंडी, सेंट्रिंगवाले, प्लंबर यांच्या हातात अनेकदा पूर्ण नकाशा नसतोच. तोंडी सूचनांवर आणि अनुभवावर ते काम ओढून नेतात. त्यांना बोल लावण्याआधी त्यांच्या हातात मापांसकट कागद दिला होता का, हे विचारणे मला न्यायाचे वाटते.

झाकण्यापूर्वीची नोंद ठेवणे आज तर अगदी सोपे आहे. प्लास्टर चढण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, फरशीखालच्या प्रत्येक पाइपचा आणि ओतकामापूर्वी स्लॅबमधल्या सळया व नळ्यांचा फोटो घ्यावा. फोटोच्या चौकटीत मोजपट्टी ताणून धरावी, म्हणजे कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनचे अंतर फोटोतच वाचता येते. प्रत्येक फोटोला खोलीचे आणि भिंतीच्या दिशेचे नाव द्यावे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने आरसा टांगण्यासाठी भिंतीला ड्रिल लावले आणि ते थेट पाण्याच्या पाइपात गेले. तो पाइप सरळ वर न जाता वाटेत तिरका वळवलेला होता, आणि हे ज्याला ठाऊक होते तो कारागीर केव्हाच दुसऱ्या कामावर गेला होता. ती भिंत फोडून, पाइप जोडून पुन्हा फरशी बसवली, तेव्हा त्या नमुन्याची फरशी बाजारातून गेलेली होती आणि आज तिथे वेगळ्या रंगाचे ठिगळ आहे. पाच-सहा फोटो असते तर आरसा चार बोटे बाजूला टांगला गेला असता.

आपल्यामार्फत वास्तुविशारद आणि अभियंते यांना माझी विनंती आहे की, त्यांनी नकाशांच्या संचात एक पान झाकल्या जाणाऱ्या कामांचे द्यावे. पाया, सळया, वायरच्या नळ्या, पाइप, वॉटरप्रूफिंग यांपैकी प्रत्येकापुढे कोणी पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले आणि कोणती चाचणी झाली, हे लिहायला जागा असावी आणि घरमालक व ठेकेदार या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढचे काम सुरू होऊ नये. आपल्या पुरवणीतही सजावटीच्या मजकुराबरोबर या विषयाला नियमित जागा मिळावी आणि तिथे अनुभवी गवंडी, प्लंबर, वायरमन यांना बोलते करावे. घर बांधायला निघालेल्या वाचकाला त्यांचे सांगणे प्लास्टर चढण्याआधी वाचायला मिळाले, तर त्यातल्या निम्म्या चुका अजून दुरुस्त होण्यासारख्या असतील.

आपली विश्वासू,
एक वाचक