घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

संपादक महोदय,
घोरणाऱ्याला ‘काय गाढ झोपलाय!’ म्हणायची आपली जुनी खोड. पण घोरणे मध्येच थांबून काही सेकंदांनी हिसक्यासरशी श्वास सुरू होत असेल, तर स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचा, संशय घ्यावा. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो. 10 सेकंद वा अधिक अडथळा आला की श्वासातला एक खंड मोजतात. तासाला असे 30 किंवा जास्त खंड म्हणजे तीव्र आजार. झोप मोडत राहिल्याने जागेपणी डुलकी लागते; महामार्गावर रात्री ट्रक हाकणाऱ्यांनी तर तपासणी टाळूच नये.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवून दाखवला. तेच आजचे सीपॅप यंत्र. ते कपाटात पडते ते बहुधा मास्कमुळे. पट्टे करकचून आवळले की मास्कची गादी चेपते आणि हवा उलट जास्त गळते; आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून पट्टे बसवावेत. हवा ओलसर करणाऱ्या यंत्राच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे, बोअरच्या पाण्याने क्षार धरतात. खानापूरकडे पावसाळ्यात वीज जातेच. यंत्र बॅटरीवर चालवताना पाणी तापवणारा हीटर बंद ठेवल्यास बॅटरी बरीच पुरते. यंत्र बंद पडले तर मास्क लगेच काढावा.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)