जुन्या फियाटला नवे ऑइल मानवत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींची निगा कशी राखावी, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख आवडीने वाचला. रंग, क्रोम आणि रबरी बीडिंग यांवर त्यात भरपूर लिहिले आहे, परंतु इंजिन ऑइलचा विषय ‘उत्तम प्रतीचे सिंथेटिक ऑइल वापरावे’ एवढ्या एका वाक्यात उरकला आहे. या एका वाक्याने पुष्कळ नुकसान होऊ शकते, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट, आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये कौतुकाने ‘सगळ्यात भारी’ म्हणून तिच्यात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल भरण्यात आले. मे महिन्यात घाट चढून टोलनाक्याच्या रांगेत उभा असताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि घरी येईपर्यंत सम्पखाली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याखाली) तळहाताएवढा डाग पडला होता. पुढे टॅपेट (कॅमशाफ्टच्या फिरण्याने वरखाली होऊन व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजू लागले, सेटिंग करूनही थांबेनात, आणि अखेर इंजिन उघडल्यावर कॅमशाफ्टवरचा एक कॅम, म्हणजे उंचवटा, झिजून बोथट झालेला दिसला. हे सर्व त्या ऑइलमुळेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण आधीची झीज असणारच. पण ऑइलने तिला आवर घातला नाही, हेही खरे.

डब्यावरच्या ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू होण्याशी संबंधित आहे. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंशांना, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना घेतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात छापता. त्याहून कडक थंडी आपल्याकडे पडत नाही, तेव्हा ५डब्ल्यूचे पैसे कशासाठी मोजायचे? आपल्याला महत्त्वाचा तो दुसरा आकडा. १०० अंश तापमानाला ३० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (हे घट्टपणाचे एकक) असतो, तर ५० ग्रेडचा किमान १६.३. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन मुळात जाड ऑइल गृहीत धरून बनवलेले, त्यात वर्षांनुवर्षे चालून बेअरिंगमधली फट वाढलेली. तिथे पातळ ऑइल दाब धरत नाही. म्हणूनच जुने मेस्त्री डोळे मिटून २०डब्ल्यू-५० सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात.

पण ग्रेड जुळली म्हणजे काम झाले असे नाही. या इंजिनात कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि त्या बारीकशा जागेवर इतका दाब येतो की तिथे नुसत्या ऑइलचा थर पुरत नाही. झिंक आणि फॉस्फरस यांच्या एका संयुगाचा पातळ लेप धातूवर बसतो, तोच त्याला वाचवतो. मात्र हाच फॉस्फरस आधुनिक गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) निकामी करतो. त्यामुळे २००४ साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ‘एसएम’ या दर्जा-वर्गापासून पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के करण्यात आली. नव्या गाड्यांसाठी तो निर्णय योग्यच होता. आमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, तिला त्या काटकसरीचा काय उपयोग?

२०डब्ल्यू-५० ग्रेडला ही मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे किती झिंक घालायचे हे कंपनीच्या मर्जीवर राहते, आणि आमच्याकडे दुकानात मिळणाऱ्या डब्यांवर तो आकडा मला तरी आढळलेला नाही. दुकानदाराला विचारावे, तर तो ‘साहेब, नवीन स्टॉक आहे’ म्हणून आश्वस्त करतो. काही कंपन्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकात झिंक-फॉस्फरसचे प्रमाण दिलेले असते. घेण्यापूर्वी ते जरूर मागवावे. वरून झिंकची बाटली ओतण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, पण अतिरेकी प्रमाणही धातूला बाधते, शिवाय मुळात ऑइलमध्ये किती आहे हेच ठाऊक नसताना त्यात किती ओतणार?

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. आता ही इंजिने राहिली ती आमच्यासारख्या हौशी मालकांकडे, आणि ती चालतात फार थोडी. माझी गाडी वर्षाकाठी जेमतेम ८०० किलोमीटर धावते. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर मोजून बदलणे चुकीचे आहे, कारण चोक ओढून चालू केलेल्या थंड इंजिनात पेट्रोल आणि बाष्प ऑइलमध्ये उतरत राहते व छोट्या फेरीत ते उडून जाण्याइतके इंजिन तापतही नाही. डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास येतो. ऑइल कंपन्यांनी झिंकचा आकडा डब्यावर छापावा, ही आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती. मी मात्र दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, गाडी कितीही कमी चालली असली तरी, ऑइल बदलतो.

आपला,
एक पद्मिनीधारक वाचक, पुणे