आईची चंदेरी

सुमे,

चार महिने झाले ना तुला नीट लिहून, चूक माझीच, रागव हवं तेवढं पण आधी हे पूर्ण वाच. तब्येत ठीक, गुडघा बरा आहे.

अगं, आईची ती मोतिया चंदेरी आत्ता टेबलावर पसरलीये, वर ड्रेसचं पेपर कटिंग ठेवलंय आणि तीन दिवस झाले, कात्री नुसती पडून आहे. इथे इंग्लंडात बाथ शहरात सप्टेंबरात लोक दोनशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून मिरवणुकीनं फिरतात, यंदा मला त्यात माझ्या हातचा ड्रेस घालून जायचंय, १८१० च्या आसपासचा, कंबर छातीखाली असते ना तो. तेव्हा शिलाई मशीन घरोघरी नव्हतंच, म्हणून मीही सगळं हातानंच शिवतेय, धावदोरा आणि उलटी टीप, बाई आपल्याकडून उसवून घ्यायच्या तीच! आतली शेमीज आणि दोरीनं आवळायची ती चोळी आधी झाली, त्यावरच वरचं माप घ्यावं लागतं. मग मांजरपाटाचे तीन कच्चे ड्रेस केले. पहिल्या दोनांत बाही बसेचना, कारण तेव्हाची पाठ इतकी अरुंद की मुंढा पार मागे जातो, खांद्याची शिवणही मागे उतरते, आपल्या ब्लाऊजच्या हिशोबानं कापलं की हातच वर होत नाही. तिसरा मात्र अस्सा बसला!

आणि त्या काळचे इथले पांढरे ड्रेस कितीदा तरी बंगालच्या मलमलीचे असायचे गं, कापड आपलं, शिलाई यांची. हे कळल्यापासून डोक्यात चंदेरीच. पन्हा ४५ इंच, मला छातीखालून घोट्यापर्यंत ४४ लागतात, म्हणजे काठ बरोब्बर खाली येतो. घेराला तीन वार खूप झाले, नऊवारीतून पदर अख्खा वाचतो. पदर मी कापणार नाहीच.

पण रफू. तुझ्याच लग्नात मांडवाच्या खिळ्याला अडकून फाटली होती, आठवतं? आईनं त्याच रात्री बसून केलेलं. आता ते मागच्या चुण्यांत लपवता येतं, किंवा पुढे बरोबर मधोमध येतं. मला पुढे हवंय, आणि मग वाटतं, लोकांना नुसता डाग दिसेल.

तू काकूंचा शालू कापून पंजाबी ड्रेस शिवलास तेव्हा मी दोन महिने बोलले नव्हते तुझ्याशी. ‘कपाटात कुजवू का मग’ म्हणाली होतीस. सुमे, सॉरी गं, खरंच. (गुडघ्यावर आलेला तो काठ मात्र भयंकर होता, ते मी मागे घेणार नाही.) ताईला अजून काही सांगितलेलं नाही. ती रडेल, मग मीही रडेन आणि सगळं राहूनच जाईल.

ओमची दहावी कशी गेली? घराचा ताबा मिळाला का, फोटो पाठव, आणि काकांची शुगर बघत जा.

पण आधी रफूचं सांग, पुढे की मागे. गुरुवारी मला सुट्टी आहे, तोवर कात्री उचलत नाही.

तुझी,
वैजू