खुले पत्र: 11 वर्षांच्या मुलीचा एक्स-रे मोठ्यांच्या मशीनवर का वाचला?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

मी उत्तर नागपुरात राहते. गेल्या आठवड्यात माझ्या 11 वर्षांच्या मुलीला टीबीची औषधं सुरू झाली. ती कितीतरी आधी सुरू व्हायला हवी होती, म्हणून हे पत्र.

थंडीत आमच्या वस्तीत तपासणी शिबिर झालं. हातात धरायचं एक्स-रे यंत्र आणि तो एक्स-रे वाचणारं एआय. नगरसेवक आले, फोटो निघाले, आता निदानासाठी रांगा लावाव्या लागणार नाहीत असं माइकवरून सांगितलं गेलं. पोरीला खोकला फारसा नव्हता. संध्याकाळी कणकण यायची, जेवण तुटलं होतं आणि मानेला बोराएवढी गाठ होती. एक्स-रे काढणाऱ्या मुलाच्या टॅबवर हिरवी पट्टी उमटली. "काहून टेन्शन घेता ताई, मशीननं पास केलं," तो म्हणाला. मी तिची वेणी बाजूला करून गाठ दाखवत होते आणि तो पुढच्याचा आधार नंबर टाकत होता. तिच्या मानेला तिथं कोणीही हात लावला नाही.

त्या हिरव्या पट्टीच्या भरवशावर आम्ही घरी बसलो. सासूबाई म्हणायच्या डॉक्टरला दाखव, मी म्हणायचे एक्स-रे चांगला आलाय. पोरीची सलवार कमरेवर थांबेना, तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी मान चाचपली, गाठीतून सुईनं नमुना काढून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवला. सुई टोचताना तिनं माझं मनगट इतकं आवळलं की नखं उमटली. रिपोर्टमध्ये टीबी निघाला.

साहेब, मुलांमध्ये टीबीचे जंतू थोडे असतात, आजार बऱ्याचदा गाठींमध्ये असतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. हे मला त्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये एक्स-रे वाचणाऱ्या संगणकाची शिफारस केली, तीच मुळी 15 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. मग टॅबमध्ये वय 11 टाकल्यावर तो अडला का नाही? त्याला अडवायचं कोणी होतं का?

माझं भांडण मशीनशी नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या फुप्फुसातला डाग त्याच मशीननं त्याच दिवशी पकडला, ते आज औषधं घेताहेत. मोठ्या माणसाचे शेकडो एक्स-रे झपाट्यानं चाळून संशयित वेगळे काढायला ते उपयोगाचं आहे, आणि संशयिताची पुढची तपासणी करावीच लागते. तुमच्या खात्यानं चाळणीलाच डॉक्टर करून टाकलं. कागदावर सही कोणाची, हे विचारायला मी शिबिरवाल्यांकडे गेले. ते म्हणाले कंपनीला विचारा, कंपनीचा फोन म्हणाला खात्याला विचारा. माझ्या पोरीला निरोगी ठरवणाऱ्या माणसाचं नाव आजही कोणी सांगत नाही.

2025 पर्यंत देश टीबीमुक्त करू, असं 2018 मध्ये जाहीर झालं होतं. 2025 उलटलं, आणि जगातल्या टीबी रुग्णांचा सुमारे चौथा हिस्सा अजून आपल्याच देशात आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करायला सांगितलं, तेही 2020 पर्यंत. महाराष्ट्र किती खर्च करतो? डिसेंबरात अख्खं सरकार नागपुरात उतरतं, रस्ते एका रात्रीत गुळगुळीत होतात. त्याच दिवसांत आमच्या दवाखान्यात बाळरोगतज्ज्ञ कधी येणार ते कोणाला ठाऊक नसतं. माणसं भरायची नाहीत आणि त्या रिकाम्या खुर्चीवर टॅब ठेवायचा, हे गरिबांच्याच वस्तीत का चालतं?

मशीनच्या प्रत्येक निकालाखाली डॉक्टरचं नाव आणि सही सक्तीची करा. 15 वर्षांखालचं मूल आलं, तर ते थेट डॉक्टरपुढेच गेलं पाहिजे. आणि हे सगळं होईस्तोवर एक काम याच आठवड्यात करा: त्या शिबिराची यादी तुमच्याकडे आहे, आधार नंबरासकट. त्या दिवशी माझ्या पोरीच्या मागेपुढे शाळेच्या गणवेशातली बरीच मुलं उभी होती. त्या सगळ्यांना परत बोलवा आणि माणसाच्या हातानं तपासा.

आपली,
एक आई, नागपूर