बोटीबद्दल, आणि छपराबद्दल

ती. अण्णा आणि आई, सा. नमस्कार.

बंड्या, हे प्रिंट काढून अण्णांना दे, मोठ्या अक्षरात. मोबाईलवर वाचायला लावू नकोस, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले ते तुलाच माहितीये.

मी एकदम मजेत आहे. तब्येत, ऑफिस, जेवणखाण सगळं नेहमीसारखं, ते परत लिहीत बसत नाही. रविवारी फोनवर आई रडायला लागली, मग मी चिडले आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं (खरंच गेलं, मी कट नाही केला), म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

तर सगळ्यात आधी, मी मासेमारी सुरू केलेली नाही. बंड्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि अख्ख्या हर्णैत झालं की सरांच्या मुलीने अमेरिकेत ट्रॉलर घेतला. दिसायला ती मासेमारीच्या बोटीसारखीच आहे हे मान्य, पुढे उंच नाळ, वर केबिन, मागे डोलकाठी, पण जाळं नाही, बर्फाचा खण नाही, काही नाही. आत दोन झोपायच्या खोल्या, छोटा ओटा, संडास-बाथरूम आणि टेबल. इथे लोक अशा बोटी हळूहळू फिरायला वापरतात, याला ट्रॉलर यॉट म्हणतात. नाखवाकाकांनी विचारलंय ना इंजिन किती सिलिंडरचं, त्यांना सांगा सहा सिलिंडर, 120 हॉर्सपॉवर, फोर्ड लेहमन, डिझेल. मूळ इंग्लंडच्या फोर्डचं इंजिन, ते लेहमन कंपनीने बोटीसाठी बदलून दिलेलं. जुनं आहे पण पार्ट अजून मिळतात आणि तासाला साधारण सात-साडेसात लिटर डिझेल खातं. काका हसतील, हसू देत.

बोट 38 फुटांची, सत्तरच्या दशकातली. ज्याने बांधली तो मासेमारीच्या बोटी बांधणारा सुतार होता, ही त्याने फावल्या वेळात स्वतःसाठी बांधली, म्हणजे ही कुठल्या कंपनीची नाही, अशी दुसरी बोट जगात नाही. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ असा की हिचं मॅन्युअल नाही, ड्रॉइंग नाही, कुठली वायर कुठून कुठे जाते ते त्या माणसालाच माहीत आणि तो आता नाही. बुडाच्या फळ्या सीडरच्या, केबिन आणि डेक प्लायवूडचं आणि त्यावर फायबरग्लासचं कव्हर.

अण्णा म्हणाले की जुनी लाकडी बोट म्हणजे पांढरा हत्ती, लोकांनी तुला फसवली. अण्णा, फसवली नाही. इथे बोट घ्यायच्या आधी ती क्रेनने पाण्याबाहेर काढतात आणि सर्व्हेयर बोलावतात, त्याचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे, म्हणजे तो विकणाऱ्याच्या बाजूने बोलत नाही. त्याने छोटी हातोडी घेऊन अख्खी बोट इंच इंच ठोकली, बाजारात कलिंगड वाजवून बघतात ना तशी. लाकूड चांगलं असेल तर टणटण वाजतं, कुजलेलं असेल तर बद्द आवाज येतो. सुकाणूच्या केबिनच्या खिडकीखाली आवाज बद्द आला, तिथे त्याने टोच्या लावला तर प्लायवूडमध्ये बोटभर आत गेला. आणि गंमत म्हणजे समुद्रात बुडालेला भाग धडधाकट आणि वरचा कुजलेला! कारण लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला खारं पाणी चालत नाही, पावसाचं गोडं पाणी लागतं. खिडकीच्या स्क्रूच्या भोकातून पाऊस आत जातो आणि वरून फायबरग्लास असल्यामुळे बाहेर निघत नाही, आतल्या आत सडतं. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात ते उगाच नाही. तर ती जागा दाखवून मी किंमत पाडली, आणि शेवटी सेकंडहँड टोयोटाच्या भावात बोट मिळाली. (आई, फोटोत माझ्या शेजारी जो उंच माणूस आहे तो हाच सर्व्हेयर. त्याला नातवंडं आहेत. मामीला पण सांग.)

आणि अण्णा, तुम्ही नववीला गॅल्व्हानिक सेल शिकवायचात ना, माझ्या बोटीच्या बुडाला तो धडा लावलेला आहे. पंखा ब्रॉन्झचा, शाफ्ट स्टीलचा, समुद्राचं पाणी म्हणजे इलेक्ट्रोलाइट, म्हणून जवळ जस्ताचे गट्टू बसवतात, पंख्याच्या आधी ते झिजतात. काढलेला जुना गट्टू जपून ठेवलाय, चाळणीसारखी भोकं पडलीत त्याला, येताना घेऊन येईन, शाळेत दाखवा.

बुडशील म्हणता, तर ऐका. ही बोट पळतच नाही. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, तेवढे नॉट. माझी 36 फूट आहे, म्हणजे 6 गुणिले 1.34, आठ नॉट झाले, तासाला पंधरा किलोमीटर. त्याच्यापुढे कितीही इंजिन रेटलं तरी नुसतं डिझेल जळतं. मी सातवर चालवते. दापोलीची एसटी घाटात याच्यापेक्षा जोरात जाते आणि त्या एसटीत तुम्ही मला दहा वर्षं बसवलंत. लाइफ जॅकेट घालते, कारण पाणी इथे उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं. रेडिओ सोळा नंबरच्या चॅनलवर चालू असतो, त्यावर कोस्टगार्ड ऐकत असतं. सरकारी परीक्षा देऊन बोट चालवायचं कार्डही काढलंय. पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगत असतात, त्यांच्याकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, म्हणून अंधार पडल्यावर मी चालवत नाही. मोठे मासे म्हणशील तर आई, ओर्का (किलर व्हेल) आहेत, पण इथल्या ज्या कायमच्या ओर्का आहेत त्यांच्यापासून 1000 यार्ड लांब राहायचा कायदा आहे, म्हणजे घाबरायचं त्यांनी, आपण नाही. आणि एकटी जात नाही, ऑफिसमधली नंदिनी येते. बहुतेक वेळा येते.

बोट सिअ‍ॅटलमध्येच असते, शिलशोल म्हणून धक्का आहे तिथे, ऑफिसपासून बसने जाता येतं. जवळच एक लॉक आहे, 1917 सालचं. आतलं तळं समुद्रापेक्षा वर आहे, ओहोटीला तर वीस फुटांपेक्षा जास्त, तर बोटी एका हौदात घेऊन पाणी भरून वर उचलतात. त्याच्या बाजूला सामन माशांना चढायला पायऱ्या केल्यात आणि जमिनीखाली काच लावलीये, काचेसमोर उभं राहून मासे वर जाताना बघायचे. आईला हे बघायला आवडेल. बघून शिजवायचे कसे ते पण विचारेल.

आता एक गोष्ट सांगते, कोणाला पटणार नाही. इथून उत्तरेला सॅन वान बेटं आहेत, त्यात सूशिया म्हणून बेट, तिथे फेरी जात नाही, आपल्या बोटीनेच जायचं. उन्हाळ्यात तिथे खाडीत नांगर टाकून झोपले होते. सकाळी सहाला जाग आली तर बाहेर रिपरिप पाऊस आणि चारी बाजूंनी लोक छोट्या होड्या वल्हवत किनाऱ्याकडे चाललेले. मला वाटलं काहीतरी झालंय, कोणी आजारी वगैरे. नीट बघितलं तर प्रत्येक होडीत एक कुत्रा! शेजारच्या बोटीवर रिटायर नवरा-बायको होते, त्यांचा लॅब्राडोर म्हातारा, मागचे पाय धरलेले. त्याला लाइफ जॅकेट, जॅकेटला पाठीवर बॅगेसारखी मूठ, त्या मुठीला धरून काकांनी त्याला उचलून होडीत ठेवला, स्वतः पावसात भिजत वल्हवत नेला, बेटावर उतरवला, त्या निर्जन बेटावर सुद्धा गळ्यात पट्टा, नियम आहे म्हणे, मग त्याने शू केली, दुसरं पण केलं, ते काकांनी पिशवीत भरून घेतलं आणि पिशवी परत बोटीवर आणली. रात्री झोपायच्या आधी टॉर्च घेऊन परत तेच. मी विचारलं की डेकवरच का नाही करत, तर काकूंनी मला पुढच्या डेकवर अंथरलेला हिरव्या प्लास्टिक गवताचा तुकडा दाखवला, खास यासाठी मिळतो म्हणे. कुत्रा त्याच्याकडे बघून मान फिरवतो. त्याला लहानपणापासून शिकवलंय की घरात करायचं नाही, आणि बोट हे त्याचं घर आहे, तर तो करत नाही, बारा तास धरून बसतो. म्हणजे यांचा कुठे किती वेळ जायचं, नांगर कुठे टाकायचा, हा सगळा प्लॅन कुत्र्याच्या शूवर ठरतो. लाखो रुपयांच्या बोटी! आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. अण्णा, मला अजून कळलेलं नाही हे वेडेपण आहे की संस्कार.

नारळी पौर्णिमेला मी पण धक्क्यावरून नारळ सोडला, हळदकुंकू लावून. पाच मिनिटांत एक माणूस कयाकमधून आला आणि म्हणाला तुमचं काहीतरी पडलंय, आणि नारळ माझ्या हातात दिला. इतका खूश होता की मी थँक्यू म्हटलं. तो गेल्यावर परत सोडला.

स्वयंपाकाची काळजी करू नका, डिकिन्सनची डिझेलवर चालणारी शेगडी आहे, तीच थंडीत केबिन गरम ठेवते. वर पातेली घसरू नयेत म्हणून कठडा आहे. भाकरी छान होते, फुगते सुद्धा. कोकम संपलंय.

आता तुमचा राग. मागच्या एप्रिलमध्ये घेतली आणि दसऱ्याला सांगितली, हे खरं. पण आधी सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात का? नसतात. कर्ज काढलेलं नाही, जुन्या लाकडी बोटीवर बँक कर्ज देत पण नाही. राज्याचा टॅक्स वर्षाला किमतीच्या अर्धा टक्का, इन्शुरन्सवाले लाकडी म्हटल्यावर नाकं मुरडतात पण मिळाला. बोट माझ्याच नावावर आहे, राज्याचं रजिस्ट्रेशन. केंद्राच्या नोंदणीला नागरिक असावं लागतं, ते मी नाही, म्हणजे मी इथे कायमची बोट बांधून बसलेय असं जे आत्या म्हणतेय ते कागदोपत्री सुद्धा खरं नाही.

छपराचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला हात लावलेला नाही. निसर्ग वादळाला किती वर्षं झाली, 2020 च्या जूनमध्ये पत्रे उडाले तेव्हा विमानं बंद होती, मी इकडे मोबाईलवर तुमचे फोटो बघत बसले होते, आणि अजून तुम्ही मागच्या पडवीत ताडपत्रीखाली राहताय हे मला कळत नाही असं समजू नका. पाडव्याच्या आत पहिला हप्ता पाठवते, लाकूड आणि कौलांचा, दुसरा मजुरीचा मेच्या पहिल्या आठवड्यात. गवंडी पावसाच्या आधी मिळत नाहीत, आत्ताच बोलून ठेवा. एवढ्या पटकन कुठून आले विचाराल, तर मे महिन्यात अपार्टमेंटचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय ते मी वाढवत नाहीये, बोटीवरच राहणार, परवानगी मिळालीये. धक्क्याचं भाडं अपार्टमेंटपेक्षा बरंच कमी आहे. तिथे शेकडो लोक राहतात बोटींवर, नर्स, मास्तर, रिटायर लोक, गेटला कुलूप असतं, लाइट आहे, वायफाय आहे. आई, हे फोनवर सांगणार होते पण नेटवर्क गेलं.

मावशीने सांगितलेल्या न्यूजर्सीच्या मुलाशी बोलले, अर्धा तास, नीट बोलले, विचारू शकता. चांगला आहे. बोटीचं सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न रीसेल व्हॅल्यू काय हा विचारला. चूक काही नाही त्यात, पण पुढे न्यायचं नाही, मावशीला तूच सांग, मी सांगितलं की तिला लागतं. आणि माझं होईल तेव्हा होईल, माझ्यासाठी बंड्याचं अडवू नका, मुलगी चांगली आहे, घरचे चांगले आहेत, तिच्या घरच्यांनी मोठी बहीण अजून तशीच का विचारलं तर सांगा नोकरीत आहे, बोटीचं एकदम सांगायची गरज नाही.

मुहूर्त मात्र मे महिन्यातला धरू नका. माझ्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगची मुंबईची तारीख मिळाल्याशिवाय मी बाहेर पडले तर परत येता येणार नाही, आणि मला बंड्याचं लग्न व्हिडिओवर बघायचं नाहीये. तुळशीच्या लग्नानंतरचं बघा, मार्गशीर्षातलं चालेल, तोपर्यंत छप्पर पण झालेलं असेल, मांडव अंगणात घालता येईल. हॉलचा अ‍ॅडव्हान्स किती ते बंड्या मला मेसेज कर, अण्णांना विचारू नकोस, ते सांगणार नाहीत.

तुमची,
ताई