कोबुर्गच्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. मनातलं नीट लिहायचं तर मला मराठीच लागते.

शिकायला जर्मनीतल्या कोबुर्गला आले आणि पहिल्याच आठवड्यात रस्त्यातल्या ड्रेनेजच्या झाकणावर तो चेहरा दिसला. काळा माणूस, कानात बाळी. लोक त्यावर पाय देऊन जात होते. मी स्वतः सावळी. पोटात कसंतरीच झालं. एका कार्यालयात विचारलं, तर बाईंनी "शहराचं चिन्ह आहे" म्हणत पुढचा नंबर पुकारला. दुसरा एक जण हसला, "एवढं काय मनाला लावून घेतेस?" ते हसणं अजून सलतं.

मग तुम्ही भेटलात. मॉरित्स चर्चजवळ मी झाकणाला वळसा घातला, तो तुम्ही पाहिलात. काही न बोलता गुडघ्यावर हात टेकून वाकलात आणि लोकरीच्या हातमोज्याने त्याच्या तोंडावरचा बर्फ पुसलात. आधी कपाळ, मग गाल, मग ती बाळी. देवाची तसबीर पुसावी तसं. हातमोजा चिंब झाला. "हा आमचा मॉरित्स," म्हणालात.

संत मॉरित्स, इजिप्तकडून आलेल्या रोमन पलटणीचा सरदार. ख्रिस्ती लोकांवर हत्यार उचलायला नकार दिला म्हणून मारला गेला, अशी कथा. म्हणजे कोबुर्गचं ग्रामदैवतच की! नाझींना मात्र काळा माणूस शहराच्या चिन्हावर सोसवेना. १९३४ मध्ये त्याला हटवून त्यांनी तलवार आणली, मुठीच्या टोकाशी त्यांचं स्वस्तिक. दिवाळीत उंबऱ्याशी मी जे काढते, ते इथे असं वापरलं गेलं हे ऐकताना गलबलून आलं. १९४५ मध्ये मॉरित्स परतला.

१९२९ मध्ये नगरपालिकेत नाझींना स्पष्ट बहुमत देणारं जर्मनीतलं पहिलं शहर कोबुर्गच, हेही तुम्ही सांगितलंत. त्या चित्रातले ओठ आणि बाळी आज अनेकांना खुपतात, तेही. गावाचं चांगलं कुणीही सांगतं. वाईटही परक्या पोरीला सांगायला माणूस आतून स्वच्छ लागतो. अशी माणसं आहेत म्हणून परमुलखात पाय टिकतात.

आईने सांगलीहून लोकरीचे हातमोजे विणून पाठवलेत, तुमच्यासाठी. माप माझ्या हाताचं दिलंय. रविवारी सकाळी मी चर्चच्या दारापाशी असते.

तुमची,
झाकणाला वळसा घालणारी मुलगी