पोरगी कुणावर गेली

प्रिय पक्या,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन, मला वाटलं बाळाला बरं नाही की काय, आणि तू विचारतोस मी ए पॉझिटिव्ह, ही बी पॉझिटिव्ह, मग पोरगी ओ निगेटिव्ह कशी. बारशाला आत्याबाई चारचौघांत "कुणावर गेली गं बाई ही" म्हणाल्या आणि वहिनींचा चेहरा उतरला हे तू जाता जाता सांगितलंस, पण फोन त्यासाठीच होता ना?

ऐक. ग्रुपचे दोन जीन असतात, एक आईचा एक बापाचा. ए आणि बी दांडगे, ओ आपला कोपऱ्यात गप्प. तू ए दिसतोस पण आतून ए-ओ, वहिनी बी-ओ, दोघांनी नेमका ओ दिला की पोर ओ, चारात एक चान्स. निगेटिव्हपण तसाच दबून असतो, त्याचा वेगळा चारात एक, म्हणजे दोन्ही जमायला सोळात एक. कमी आहे पण अशक्य नाही रे. सतरा वर्षं लॅबमध्ये हेच करतोय, काचेवर रक्ताचे थेंब, एकात निळं अँटी-ए एकात पिवळं अँटी-बी, म्हणजे ए आणि बी ओळखणारी द्रावणं, काच जरा हलवली की नासक्या दुधासारखे दाणे धरतात तो ग्रुप, दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले की आम्ही ओ लिहून मोकळे. आत काय लपलंय ते काचेला कुठलं दिसायला!

गंमत म्हणजे ओ दिसला तरी कधी कधी ओ नसतो. १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंडेंनी तो बॉम्बे ग्रुप शोधला, ए-बी ज्याच्यावर बनतात तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो, म्हणून काचेवर ओ, पण आत ए किंवा बीचा जीन शाबूत असू शकतो, तो पुढे पोरात दिसू शकतो. त्यांना ओचं रक्तही चालत नाही, बॉम्बेचंच लागतं. फार दुर्मिळ आहे, लगेच गुगल करत बसू नकोस.

तुझ्या बाबांचं ऑपरेशन आठवतंय? भर पावसात स्कूटरवर आपण ओ पॉझिटिव्हच्या बाटल्या शोधत फिरलो होतो. बाबा ओ, म्हणजे त्यांच्याकडे तुला द्यायला ओशिवाय काही नव्हतंच, तुझ्यातला ओ त्यांचाच. आता आत्याबाईंना सांग, त्यांच्याच भावावर गेलीये पोरगी. पण आधी वहिनींना सांग, आजच.

तुझा,
बाळ्या